वारसा परिसर

वारसा परिसर : जुन्या वस्तीतील घरे, गल्ल्या, मोकळ्या जागा, देवस्थाने, विहिरी आणि तेथील वहिवाट यांना एकत्रितपणे ऐतिहासिक, वास्तुशिल्पीय वा सांस्कृतिक महत्त्व असल्यास त्या वस्तीला नगरनियोजनाच्या कायद्यान्वये दिला जाणारा विशेष दर्जा. एकेकट्या स्मारकाच्या संरक्षणाहून ही कल्पना वेगळी आहे. परिसरातील एखादे घर स्वतंत्रपणे पाहिल्यास सामान्य असू शकते. त्याचे महत्त्व शेजारच्या घरांशी असलेल्या नात्यात, ओट्यांच्या सलग ओळीत, गल्लीच्या रुंदीत आणि कौलांच्या समान उतारात असते. स्मारकाभोवती कुंपण घालून ते जपता येते. वस्तीला कुंपण घालता येत नाही, कारण तिच्यात माणसे राहतात, घरे विकतात, वाटण्या करतात आणि मुलांची लग्ने झाली की एक खोली वाढवू पाहतात. वारसा परिसराचा दर्जा मागण्याचा, देण्याचा व नाकारण्याचा इतिहास हा मुख्यतः या अडचणीचाच इतिहास आहे.

जुन्या वस्तीला समूहाने संरक्षण देण्याची कायदेशीर पद्धत विसाव्या शतकातील आहे. अमेरिकेतील चार्ल्स्टन या शहराने १९३१ मध्ये आपल्या जुन्या भागासाठी स्वतंत्र नियम केले. न्यूयॉर्क शहरात १९६५ च्या कायद्यान्वये ब्रुकलिन हाइट्स ही वस्ती पहिला ऐतिहासिक विभाग ठरली. फ्रान्समध्ये सांस्कृतिक खात्याचे मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९६२ साली झाला व पॅरिसमधील मारे हा मोडकळीस आलेला भाग त्यामुळे वाचला. ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना असे विभाग जाहीर करण्याचा अधिकार दिला. या देशांतील अनुभवाचा एक भाग भारतातील चर्चेत फारसा येत नाही. मारे वाचला, पण तेथील कारागीर व गरीब भाडेकरू मोठ्या प्रमाणावर बाहेर पडले आणि त्यांच्या जागी सधन वर्ग आला. घरे राहिली, शेजार बदलला.

भारतात १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण अधिनियम, त्यानंतरचा १९५८ चा केंद्रीय अधिनियम आणि महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम हे तिन्ही प्राधान्याने स्मारकांसाठी व पुरातत्त्वीय स्थळांसाठी होते. लेणी, किल्ले, मंदिरे, मशिदी व समाध्या यांना त्यांचा उपयोग झाला. पेठा, आळ्या, वाड्या आणि कोळीवाडे त्यांच्या कक्षेत सहसा आले नाहीत. पुण्यातील शनिवारवाडा संरक्षित झाला, पण त्याच्या भोवतालच्या पेठांतील शेकडो खाजगी वाडे एकामागून एक उतरविले गेले, त्याचे हे एक कारण आहे.

मुंबईला जुने पाडण्याची सवय फार लवकर लागली. इ. स. १८६० नंतरच्या दशकात किल्ल्याचा तट पाडून शहर मोकळे करण्यात आले. आज जतन केल्या जाणाऱ्या गॉथिक शैलीच्या इमारतींचा मोठा भाग या मोकळ्या झालेल्या जागेतच उभा राहिला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नगर सुधारणा न्यासाने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. गिरगाव चौपाटीपासून पूर्वेकडे डोंगरीच्या दिशेने काढलेला सँडहर्स्ट रस्ता हा त्यांपैकीच एक. हवा व उजेड आत यावा हा हेतू चुकीचा नव्हता. परंतु ज्यांची घरे गेली त्यांना त्या हवेचा लाभ क्वचितच मिळाला. पुढे प्रत्येक पिढीत ‘सुधारणा’, ‘पुनर्रचना’, ‘पुनर्विकास’ अशी नावे बदलत हीच प्रक्रिया चालू राहिली.

तिला विरोध करणारी संघटित नागरी चळवळ १९७० नंतर आकाराला आली. श्याम चैनानी आणि त्यांची बाँबे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था, तसेच १९८४ मध्ये स्थापन झालेला भारतीय राष्ट्रीय कला व सांस्कृतिक वारसा न्यास (इंटॅक) यांनी याद्या, निवेदने व न्यायालयीन लढे यांच्या साहाय्याने शासनाकडे सातत्याने पाठपुरावा केला. त्याची परिणती म्हणून एप्रिल १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ वा नियम म्हणून ती ओळखली जाई. संपूर्ण शहराला लागू होणारी या प्रकारची ही देशातील पहिली नियमावली मानली जाते. तिच्या यादीत सहाशेहून अधिक वास्तू होत्या आणि त्यांच्या जोडीला काही परिसरही स्वतंत्रपणे नोंदविले गेले.

नियमावलीने वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू येतात व त्यांत जवळजवळ कोणताही बदल चालत नाही. दुसऱ्या श्रेणीतील वास्तूंत मर्यादित बदल करता येतो. नगरदृश्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तू तिसऱ्या श्रेणीत येतात व त्यांच्या बाबतीत बदलाला बरीच मुभा असते. परवानगी देण्यापूर्वी महानगरपालिका आयुक्ताने वारसा जतन समितीचा सल्ला घ्यावा, अशी व्यवस्था आहे. बांधकामाचा हक्क गमवाव्या लागणाऱ्या मालकास तो हक्क अन्यत्र वापरता यावा किंवा विकता यावा, यासाठी हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद करण्यात आली. एखाद्या वास्तूचा वा परिसराचा यादीत समावेश करण्यापूर्वी जाहीर नोटीस देऊन हरकती व सूचना मागविणे आवश्यक असते. व्यवहारात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा ठरला आहे, कारण आपल्या घराकडे शहर कोणत्या दृष्टीने पाहते हे रहिवाशाला पुष्कळदा प्रथम या नोटिशीवरून कळते.

गिरगावातील खोताची वाडी हे अशा परिसराचे मुंबईतील सर्वांत बोलके उदाहरण होय. गिरगाव मुळात नारळी, आंबे, फणस आणि भाजीपाला यांच्या बागांचे गाव होते. फणसवाडी, कांदेवाडी, मुगभाट ही नावे त्याची साक्ष देतात. वाडी म्हणजे प्रथम बाग. बागेत मालकाने घरे बांधू दिली की ती वस्ती झाली आणि नाव तेच राहिले. उरणकर वाडीसारख्या नावांत बंदरापलीकडून आलेल्या माणसांची खूण राहिली आहे. खोताची वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस वसली असे मानतात. पाठारे प्रभू समाजातील एका खोताने (परंपरेनुसार त्यांचे नाव दादोबा वामन खोत) आपल्या जमिनीचे तुकडे प्रामुख्याने ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले. ईस्ट इंडियन हे मुंबई, साष्टी व वसई या भागांतील मूळचे रहिवासी; पोर्तुगीज अंमलात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु बोली मराठीच राहिली. गोव्याकडून व मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आहोत हे दाखविण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव इंग्रजी, धर्म रोमन कॅथलिक आणि लग्नातील गाणी मराठी, असा हा समाज. वाडीजवळच अठराव्या शतकात स्थापन झालेले संत तेरेजा चर्च आहे आणि चालत काही मिनिटांच्या अंतरावर केशवजी नाईकांच्या चाळी आहेत, जेथे १८९३ मध्ये मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सवाला आरंभ झाला. गिरगाव ही मराठी ब्राह्मण व पाठारे प्रभू वस्ती, असे जे सरधोपट चित्र आत्मचरित्रांतून व कादंबऱ्यांतून उभे राहते, त्यात खोताची वाडी बसत नाही. आणि ख्रिस्ती वस्ती म्हणजे मुंबईपासून अलग काही, या समजुतीतही ती बसत नाही.

वाडीतील घरे बहुधा तळमजला व वर एक मजला अशी आहेत. समोर ओटा, त्यावर लाकडी खांबांवर तोललेली पडवी, वरच्या मजल्यावर कोरीव कठड्याचा सज्जा आणि कित्येक ठिकाणी वर जाण्यासाठी बाहेरूनच काढलेला जिना, ही त्यांची ठळक लक्षणे. छपरे उतरती व कौलारू. मंगळुरी कौलांचे कारखाने १८६५ पासून निघाले. त्यापूर्वीच्या घरांवर नळीची कौले असत व पुढे ती बदलली गेली. भिंतींना गडद पिवळा, निळा, तांबडा असे रंग देण्याची चाल आहे. या घरांना सर्रास ‘पोर्तुगीज शैलीची घरे’ म्हटले जाते. हे वर्णन फार सैल आहे. मुंबई बेट पोर्तुगिजांनी १६६१ च्या करारान्वये इंग्रजांना दिल्यानंतर शतकाहून अधिक काळाने ही वाडी वसली. तिच्या घरांत कोकणी घराचा ओटा, पडवी आणि माजघर आहे, किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांची खिडक्या-सज्जांची हौस आहे आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या सुतारांचा हात आहे. ज्या घराला मूळ शोधायचे आहे त्याने लिस्बनपेक्षा वसई-उरणकडे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

वाडीतील वाटा दोन माणसे शेजारून जाऊ शकतील इतक्याच रुंद आहेत. वाहन आत येऊ शकत नाही हे तिच्या टिकून राहण्याचे एक कारण असावे, आणि आग लागल्यास बंब आत येऊ शकत नाही हे तिच्या भीतीचे. मूळच्या सु. ६५ घरांपैकी तिसाहून कमी आज उरली आहेत. उरलेल्या जागी काही चाळी, काही तीन-चार मजली इमारती व कडेने उंच मनोरे आले. अनंताश्रम ही माशांच्या जेवणासाठी सर्व मुंबईत प्रसिद्ध असलेली खानावळ याच वाडीत होती. ती बंद पडली तेव्हा कोणत्याही नियमाचा भंग झाला नाही. वारसा नियमावली भिंतीचे रक्षण करते, भिंतीआडच्या चुलीचे नव्हे.

वारसा परिसर म्हणून खोताच्या वाडीची नोंद झाली आणि तेथील रहिवाशांनी दर्जाच्या अंमलबजावणीसाठी, नव्या उंच बांधकामांना विरोध करण्यासाठी व अभ्यागतांना वाडी दाखविण्यासाठी स्वतः पुढाकार घेतला. त्यांत वेशभूषाकार जेम्स फरेरा यांचे नाव सर्वांत परिचित आहे. आपल्या पूर्वजांच्या घरात राहूनच ते या प्रश्नावर अनेक वर्षे बोलत आले. तथापि अशा नोंदीनंतरही घरे पडत राहिली, आणि ती का पडत राहिली याचे उत्तर वास्तुशास्त्रात सापडत नाही. ते भाड्याच्या पावतीत व सातबाऱ्याच्या, किंवा मुंबईत मिळकतपत्रिकेच्या, उताऱ्यात सापडते.

मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण अधिनियमाने निवासी जागांची भाडी सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धकाळात व फाळणीनंतर शहरात लोटलेल्या लोकसंख्येला त्यामुळे संरक्षण मिळाले, यात शंका नाही. परंतु भाडे तेच राहिले आणि सागवान, चुना, कौले व सुताराची मजुरी यांचे दर वाढत गेले. काही दशकांत मासिक भाड्यात एका वाशाचीही दुरुस्ती होईना. १९६९ मध्ये उपकर लावून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन करण्यात आले. तेव्हा अशा इमारतींची संख्या १९,६०० च्या वर होती. मंडळाने पुष्कळ इमारती टेकूंवर उभ्या ठेवल्या. त्या सुधारल्या असे म्हणणे कठीण आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरल्याचे मत दिले आणि नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अंमलात आला, तरी जुन्या भाडेकरूंची स्थिती मूलतः पालटली नाही. यावर उपाय म्हणून पुनर्विकासाला जादा चटई क्षेत्र देण्याचे धोरण आले. मुंबई बेटात सर्वसाधारण चटई क्षेत्र निर्देशांक १·३३ असताना उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्बांधणीला त्याहून पुष्कळ अधिक क्षेत्र मिळू लागले. भाडेकरूला फुकट नवे घर, मालकाला मोबदला आणि बांधकाम व्यावसायिकाला विक्रीयोग्य मजले, असे हे गणित आहे. ते ज्या घराला लागू होते त्या घराचे लाकडी कोरीवकाम कितीही सुंदर असले, तरी कागदावर त्या घराची किंमत ते पाडल्यानंतरच्या किमतीच्या काही अंशच भरते.

खोताच्या वाडीतील अनेक घरे भाडेकरूंची नसून कुटुंबांच्या मालकीची आहेत. तेथे अडचण निराळी आहे. एका घराचे तीन पिढ्यांत दहा-बारा वारसदार होतात. काही वसईला, काही परदेशात असतात. घरात राहणाऱ्या एकाला छप्पर बदलायचे असते. न राहणाऱ्या नऊ जणांना आपला हिस्सा हवा असतो. मराठीत वारसा हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो, आणि येथे ते दोन अर्थ समोरासमोर उभे ठाकतात. शहर ज्याला वारसा म्हणते त्याचे जतन करावयाचे, तर वारसाने आपला वारसा काही काळ तरी न वाटता ठेवला पाहिजे. नियमावली त्याला परवानगीची अट घालते. हिस्सेदारांचे पैसे भागविण्याची जबाबदारी ती घेत नाही. हस्तांतरणीय विकास हक्क हा त्यावरचा मार्ग असला, तरी त्यासाठी निर्वेध मालकी, कागदपत्रे आणि चिकाटी लागते व लहान घराच्या मालकाकडे या तिन्ही गोष्टी एकत्र असतातच असे नाही.

यामुळेच सर्व जुन्या वस्त्यांनी हा दर्जा मागितला असे झाले नाही. २०१२ मध्ये महानगरपालिकेने वारसा यादीत मोठी भर घालण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. त्यात दादरच्या शिवाजी पार्कचा परिसरही होता. १९२५ च्या सुमारास आखलेले व १९२७ मध्ये शिवाजी महाराजांचे नाव मिळालेले हे मैदान आणि त्याच्या भोवतीच्या १९३० ते १९५० या काळातील तीन-चार मजली, गोलाई दिलेल्या सज्ज्यांच्या इमारती यांना मराठी मध्यमवर्गाच्या इतिहासात जे स्थान आहे, ते वेगळे सांगण्याची गरज नाही. प्रस्तावाला सर्वांत तीव्र विरोध तेथूनच झाला. इमारतींना उद्वाहक नाहीत, रहिवासी वृद्ध झाले आहेत, नळ व गटारे जीर्ण आहेत, आणि दर्जा मिळाल्यास पुनर्विकास अडेल, असे रहिवाशांचे म्हणणे होते. राजकीय पक्षही त्यांच्या बाजूने उभे राहिले. वृत्तपत्रांतील काही लेखनात हा विरोध केवळ लोभाचा ठरविण्यात आला. ते न्याय्य नव्हते. चौथा मजला रोज चढणाऱ्या सत्तरीच्या स्त्रीला दर्शनी भागाची एकरूपता समजावून सांगणे सोपे नाही, आणि ज्या यंत्रणेने तिला नोटीस पाठविली तिने दुरुस्तीची कोणतीही योजना सोबत पाठविलेली नव्हती. तरीही विरोधाचा परिणाम असा झाला, की मैदानाचा इतिहास सर्वांना मान्य राहिला आणि त्याच्या भोवतीची चौकट एकेक इमारतीने बदलू लागली.

याच काळात शहराच्या दक्षिण टोकाला उलट घडत होते. ओव्हल मैदानाच्या पूर्वेस मुंबई उच्च न्यायालय (१८७८), विद्यापीठ व राजाबाई मनोरा (१८७८), जुने सचिवालय (१८७४) या गॉथिक वास्तूंची रांग आहे. पश्चिमेस बॅकबे भरावावर १९३० नंतर उभ्या राहिलेल्या आर्ट डेको शैलीच्या निवासी इमारती आहेत. मधल्या मैदानाने दोन शतकांची शैली समोरासमोर ठेवली आहे. या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळावा म्हणून रहिवासी संघटना, नगररचना संशोधन करणाऱ्या संस्था आणि वास्तुविशारद यांनी एका दशकाहून अधिक काळ प्रयत्न केले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी प्रस्तावाचा दस्तऐवज तयार केला. २०१२ मध्ये तो संभाव्य यादीत गेला आणि ३० जून २०१८ रोजी बहारीनमधील मनामा येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बेचाळिसाव्या अधिवेशनात मान्यता मिळाली. ९४ इमारती आणि ६६·३४ हेक्टर क्षेत्र त्यात आहे. मुंबईतील हा तिसरा जागतिक वारसा : त्यापूर्वी १९८७ मध्ये घारापुरीची लेणी व २००४ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस यांना हा दर्जा मिळाला होता [→ घारापुरी].

ओव्हलच्या यशामागे तेथील रहिवाशांची कळकळ होती, तसेच त्यांचे वजनही होते. मैदानाची देखभाल स्वतःच्या संघटनेमार्फत करू शकणारे, न्यायालयात वर्षानुवर्षे दावा चालवू शकणारे आणि घराच्या दर्जामुळे ज्याच्या किमतीला धक्का लागत नाही असे हे रहिवासी होते. माझगावमधील म्हातारपाखाडी किंवा वांद्र्यातील रानवार या जुन्या ईस्ट इंडियन वस्त्यांजवळ कळकळ कमी नाही. बाकीचे दोन्ही कमी आहेत.

१९९५ ची नियमावली बृहन्मुंबईपुरती होती. बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर तिचा अंमल नव्हता, आणि तेथील जुन्या वस्त्यांचा प्रश्न पूर्णतः दुसऱ्या वाटेने पुढे गेला. उरण बेटाच्या उत्तर टोकावरील मोरा हे त्याचे उदाहरण होय. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येणाऱ्या उतारूला उरणची पहिली ओळख मोरा बंदरावर होते. समोर घारापुरीचा डोंगर दिसतो. करंजा व उरण हे बेट पोर्तुगीज, मराठे व १७७४ पासून इंग्रज यांच्या ताब्यात गेले. एकोणिसाव्या शतकात मिठागरे, मासळी व मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या दारूच्या भट्ट्या यांसाठी उरण ओळखले जाई व हा माल मुंबईला जाई. धक्का, त्यालगतचा कोळीवाडा, होड्या ओढण्याची किनारपट्टी आणि बाजाराकडे जाणारी वाट, अशी ही वस्ती व्यापाराने व मासेमारीने घडविली. धक्क्याजवळ साचणाऱ्या गाळामुळे ओहोटीच्या वेळी लाँचसेवा खंडित होण्याचा प्रश्न येथे जुनाच आहे.

१७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. संपादन शेतीचे व मिठागरांचे होते. गावठाणे वगळण्यात आली. कागदावर हे संरक्षणच होते. पण गावठाणाची रेषा जुन्या मोजणीची होती व लोकसंख्या तिच्याबाहेर केव्हाच गेली होती. रेषेबाहेर मुलाने बांधलेले घर अनधिकृत ठरले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. न्हावा-शेवा येथील बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना हनुमान कोळीवाडा येथे हलविण्यात आले. तेथील घरांना वाळवीने पोखरले आणि पुन्हा पुनर्वसन व्हावे ही त्यांची मागणी पुढील अनेक दशके चालू राहिली. खोताच्या वाडीतील रहिवासी घराचा सज्जा वाचविण्यासाठी भांडत असताना बंदराच्या या तीरावर भांडण घराच्या जागेचेच होते.

म्हणून मोऱ्यासारख्या वस्तीच्या संदर्भात वारसा परिसर ही संज्ञा जशीच्या तशी लावणे गैरसोयीचे ठरते. कोळीवाड्यात दर्शनी भाग फारच थोडा असतो. घरे पुन्हापुन्हा बांधली जातात. कुडाची विटांची होतात, कौलांची स्लॅबची होतात. टिकून राहते ती मांडणी : किनाऱ्याकडे तोंड केलेली गल्ली, होळीचा माळ, देवळासमोरचा मोकळा चौक, जाळी विणण्याची सावली आणि मासळी सुकविण्याची खळी. या मोकळ्या जागांपैकी पुष्कळ जागा कोणाच्याही नावावर नसतात. त्या सर्वांच्या वहिवाटीच्या असतात आणि म्हणूनच नकाशावर त्या रिकाम्या दिसतात. मुंबईतील गावठाणे व कोळीवाडे यांच्या सीमांकनाची मागणीही याच कारणासाठी झाली. २०३४ पर्यंतचा मुंबईचा विकास आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला, तेव्हा या वस्त्यांसाठी स्वतंत्र नियम करण्याचा विषय ऐरणीवर आला. सीमा ठरल्याशिवाय नियम कोणत्या क्षेत्राला लावायचे हा प्रश्न मात्र त्याआधीचा आहे. २०२० मध्ये मुंबई वगळून राज्यातील बहुतेक नियोजन प्राधिकरणांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात वारसा जतनाची तरतूद आहे. पण यादी करणे हे ज्या त्या प्राधिकरणाचे काम राहते. उरणमध्ये नगरपरिषद, सिडको, बंदराचे प्रशासन व संरक्षण खाते यांच्या हद्दी एकमेकींना लागून असल्याने हे काम कोणी आरंभावयाचे यापासूनच सुरुवात होते.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या उपनगरी रेल्वेमार्गाचे उद्‍घाटन झाले. बेट म्हणून उरणला जे अंतर राखता आले होते ते त्यामुळे बरेच संपले. जमिनीला भाव आला की प्रथम नजर जाते ती नकाशावरील रिकाम्या जागेकडे, आणि मोऱ्याच्या किनाऱ्यावर अशी जागा म्हणजे बहुतेक वेळा बोंबील वाळत घातलेले खळे असते.